पाणी भरणारा माणूस

ही गोष्ट मी कधी सांगितलीच नाही असं नाही. उलट फार वेळा सांगितली. आमच्या चर्चच्या मंडळीत पुरुषांची सभा असली किंवा नव्या जोडप्याला चार शब्द सांगायचे असले, की पाळक मला उभं करतात. मी वयानं मोठा, संसार निभावलेला, आणि माझ्याजवळ माझ्या वडिलांची एक गंमतशीर गोष्ट आहे हे सगळ्यांना माहीत. मी ती सांगतो. लोक पोट धरून हसतात. ख्रिस्ती पतीनं, ख्रिस्ती बापानं कसं असावं याचा धडा त्यातून आपोआप निघतो, आणि मी खाली बसतो. गेली चाळीसहून जास्त वर्षं मी ती अशी सांगत आलो आहे, आणि प्रत्येक वेळी तिच्यातली एक गोष्ट खोटी सांगितली आहे. खरं काय घडलं ते सांगायचं टाळलं. सुलभेला, माझ्या पत्नीलाही, मागच्या महिन्यापर्यंत ते माहीत नव्हतं. तिला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. ऐकल्यावरही निवडतच राहिली. मग म्हणाली, "लिहून काढा. तोंडानं सांगाल तर पुन्हा हसवाल." म्हणून लिहायला बसलो आहे. हसू आलं तर वाचणाऱ्यानं खुशाल हसावं, कारण ते दिवस हसण्याचेच होते. फक्त कोण काय म्हणालं, हे या वेळी बरोबर लिहायचं आहे.

आमचं घर हिंगणीला. गावात ख्रिस्ती घरं चारच, उपासनेला सेलूला जावं लागायचं, आणि बाबा नोकरीलाही सेलूलाच, तिथल्या जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, फिटर होते. त्यांचं नाव शांतवन. नावाचा आणि माणसाचा काही संबंध नव्हता. बाबा घरात शिरायच्या आधी त्यांचा आवाज शिरायचा. कापसाच्या हंगामात सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या घरघराटात दिवसभर काम करून त्यांना हळू बोलायची सवयच उरली नव्हती. मीठ मागितलं तरी शेजारी ऐकू जायचं. संध्याकाळी सायकल ओट्याला टेकवून आत आले, की भुवयांवर कापसाची लव चिकटलेली असायची आणि धाकटी करुणा ती फुंकून उडवायची. आई म्हणायची, "आला म्हातारा बाबा." मग ते हात घासायला बसायचे. वंगण निघायला राख लागायची, आणि राख लावता लावता ते उपासनेतलं एखादं गीत मोठ्यानं म्हणायचे, निम्मे शब्द आठवणीतले, निम्मे स्वतःचे. आईला ते खपायचं नाही. ती चुलीपासून खरे शब्द म्हणायची, हे आपले चुकीचेच पुढे रेटायचे, आणि कोण जिंकतं ते बघत आम्ही भावंडं भाकर खायचो.

पाण्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमची विहीर नाल्यापलीकडे होती. उतार उतरायचा, दगडांवर पाय देत नाला ओलांडायचा, चढ चढायचा. सायकल तिथे चालत नसे. करुणेच्या जन्मापर्यंत पाणी आईच आणायची. ते आईचं चौथं बाळंतपण. त्यानंतर तिचं अंग बाहेर येऊ लागलं. हे शब्द त्या काळी बायका एकमेकींच्या कानात बोलायच्या, पुरुषांपुढे कधीच नाही. आई आता नाही, आणि करुणेनं मला लिहायची परवानगी दिली आहे, म्हणून लिहितो. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, यापुढे जड उचलायचं नाही, पाण्याचं तर नावच काढू नका. त्या दिवसापासून पाणी बाबांकडे आलं. पुरुष पाणी आणत नाहीत असं नव्हे. पुरुष खांद्यावर कावड घेऊन आणतो. पण बाबांचा उजवा खांदा जिनातल्या पट्ट्यात ओढला जाऊन एकदा निखळला होता, कावडीचा भार त्याला सोसत नसे. मग बाबांनी आईच्या जुन्या लुगड्याची चुंबळ वळली, ती डोक्यावर ठेवली, तिच्यावर पितळी गुंड, म्हणजे आमच्याकडची घागर, ठेवला आणि बायकांसारखे निघाले.

सहा फुटांचा, मिशीवाला, दंडावर जळल्याचे डाग असलेला माणूस डोक्यावर गुंड घेऊन बायकांच्या रांगेत चालतो आहे, हे दृश्य हिंगणीनं त्याआधी पाहिलं नव्हतं. पहिले आठ दिवस बायका विहिरीवरून पळाल्या. मग त्याच बायका त्यांना दोर नीट कसा धरायचा ते शिकवू लागल्या. पुरुषांनी मात्र सोडलं नाही. बसथांब्याजवळ गोविंदाचं चहाचं हॉटेल होतं, आणि विहिरीचा रस्ता तिथूनच जायचा. गोविंदा कपबशा विसळता विसळता ओरडायचा, "काय शांता वैनी, आज भाजी काय?" बाबा मान न हलवता तेवढ्याच मोठ्यानं उत्तर द्यायचे, "वांगे हायेत बाई. तुह्या घरी?" बाकड्यावरची सगळी मंडळी हसायची. बाबाही हसायचे, पण बेतानं, कारण हसताना गुंडातलं पाणी हिंदकळून मिशीत यायचं.

एका रविवारी सेलूला उपासनेनंतर पुरुषांची सभा होती. पाळक तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी पतीच्या कर्तव्यावर बोलायला घेतलं. पती हा घराचं मस्तक, हा शब्द त्यांनी बरेचदा वापरला, आणि मस्तक म्हणजे अधिकार, मस्तक म्हणजे निर्णय, असं समजावून सांगितलं. सगळे माना डोलवत होते. बाबांनी हात वर केला.

"पाळकसाहेब, एक इचारू का? मस्तक म्हंजे डोकंच ना?"

"हो, डोकंच."

"मंग आमच्या गावात डोक्याचं पहिलं काम ओझं वाह्याचं हाय. टोपी घालाचं काम त्याच्यानंतर."

पाळकांनी चष्मा काढून पुसला. मग स्वतःच हसू लागले. "शांतवनराव, पुढच्या रविवारी उपदेश तुम्हीच करा."

"नाई बा. मंग पानी कोन भरीन?"

त्या दिवसापासून कुणीही विचारलं, काऊन गा बायकावानी डोक्यावर पानी आनतं, की बाबांचं उत्तर तयार असायचं. मी घराचं मस्तक हावो ना, म्हणून. लोकांना वाटायचं, हा अर्धवट आहे, शास्त्रातला शब्द शब्दशः धरून बसला. बाबांनी ते तसंच वाटू दिलं. आईच्या दुखण्याबद्दल कुणी विचारूच नये म्हणून त्यांनी तो विनोद दारावर पडद्यासारखा लावला होता. मला हे माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर फार बरं झालं असतं. पंधरा वर्षांचा असताना मी रुसून आईला म्हणालो होतो, बाबाले सांग ना, शाळेतले पोट्टे मले शांताचा पोरगा म्हनते. आईनं मला घरामागे नेलं आणि खाली बघत सगळं सांगितलं. मुलाला असं काही सांगणं तिला किती जड गेलं असेल, हे मला स्वतःला मुली झाल्यावर कळलं. तेव्हा मी फक्त "बरं" म्हणालो. मी स्वतः पाणी आणायला लागलो का? आणलं कधीमधी, तेही अंधार पडल्यावर, दोन बादल्यांनी, अर्धं सांडत. पुढे शिकायला वर्ध्याला गेलो आणि तो प्रश्न सुटला.

वर्ध्याला मला शाळेत शिक्षकाची नोकरी लागली. शनिवारी संध्याकाळी घरी यायचो. रविवारच्या जेवणाचा वास मला अजून येतो. रविवारी स्वयंपाक बाबांचा. आई मंडळीतल्या बायकांना गीतं शिकवायची, ती उपासनेनंतर थांबायची, म्हणून बाबा आम्हाला घेऊन पुढे यायचे आणि पाटवडीचा रस्सा करायचे. खोबरं आणि कांदा चुलीच्या निखाऱ्यावर भाजायचे, करुणा पाट्यावर वाटायची, आणि बाबा बेसन घोटता घोटता जिनातल्या मुकादमाची नक्कल करायचे. वड्या पाडायला त्यांनी जिनातून पत्र्याची एक पट्टी घासूनपुसून आणली होती. त्यांची एकही वडी वाकडी नसायची. "फिटरच्या वड्या हायेत," ते म्हणायचे, "सूत लावून पाहा." रस्सा इतका जहाल की नाकडोळे वाहायचे. आई येऊन पहिला घास घ्यायची, आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघायचो, आणि ती म्हणायची, "मीठ कमी." मीठ कधीच कमी नसायचं. आज माझ्या घरी गॅस आहे, मिक्सर आहे, नातवंडं हौशीनं काही काही करून घालतात. तो तिखटपणा कुठे गेला कोण जाणे.

मी तेविसाचा झालो तेव्हा पाळकांनीच तळेगावचं स्थळ आणलं. तळेगाव म्हणजे श्यामजी पंतांचं, आष्टीकडचं. मुलीचे वडील तिथे मास्तर होते. त्यांना पत्नी नव्हती. त्यांच्या विधवा बहिणीनं, सारूआत्यांनी, मुलीला वाढवलेलं. मुलगी सुलभा. मी तिला मंडळीच्या एका मेळाव्यात पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर वर्गात फळ्यावर लिहिताना मी दोनदा तोच शब्द लिहिला होता. मला हे लग्न व्हायला हवं होतं. माझ्या आयुष्यात तोवर मला इतकं काही हवं झालं नव्हतं. पाहुणे घर बघायला येणार ठरलं नाताळच्या सुटीत. मास्तर शिस्तीचे, घराणं बघणारे, असं पाळकांनी सांगितलेलं. मी वर्ध्याहून येताना टेबलावर घालायला कापड आणलं, आणि बाबांना म्हणालो, "बाबा, त्या दिवशी कोट घालजा. अन् पानी सकाळीच भरून ठेवजा."

"घालतो ना. इस्तरी करून घालतो. पोराचा बाप हावो मी."

पाहुणे दुपारच्या गाडीनं येणार होते. सकाळी बाबांनी घरचा कोंबडा कापला. करुणेची त्याच्यावर माया होती. ती रडून घेऊन मग मसाला वाटायला बसली. रश्श्याचं गंज, ते मोठं पातेलं, चुलीवर चढलं आणि पाणी संपलं. इतक्या माणसांचं जेवण, भांडी, सडा. सकाळी भरलेलं पुरलं नाही. बाबा म्हणाले, एक खेप आणतो, पाहुण्यांना वेळ आहे. आई करुणेला घेऊन शेजारी काचेचे पेले मागायला गेली. मी बसथांब्याकडे पान-सुपारी आणायला गेलो, आणि बघतो तर हिंगणीची गाडी उभी, आणि तिच्यातून मास्तर उतरताहेत, हातात संत्र्यांची पिशवी, मागे सारूआत्या. त्यांना वर्ध्याला आधीची गाडी मिळाली होती.

मी नमस्कार केला, पिशवी घेतली, घराकडे निघालो. मास्तर शाळेबद्दल विचारत होते, मी उत्तरं देत होतो, आणि गोविंदाचं हॉटेल मागे पडलं म्हणून मनात देवाचे आभार मानत होतो. तेवढ्यात नाल्याकडून बाबा वर आले. अंगात भिजलेलं बनियन, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गुंड, गुंडावर पालथा तांब्या. मोठ्यानं गीत म्हणत होते, शब्द चुकीचे. मास्तर थांबले. त्यांना हसू आलं असावं. त्यांनी विचारलं, "हा कोण?"

मी म्हणालो, "पाणी भरणारा माणूस आहे. आमच्याकडे असतो."

हेच ते वाक्य. माझ्या गोष्टीत ते नेहमी बाबांनी मला शिकवलेलं असतं. ते मला कुणीही शिकवलं नव्हतं. ते माझं होतं, आणि विचार करायला वेळ मिळाला नाही असंही नाही, कारण मला आठवतं, मी "आमच्याकडे असतो" हे नंतर जोडलं, वाक्य खरं वाटावं म्हणून.

बाबा दहा पावलांवर होते. डोक्यावर गुंड असलेला माणूस मान वळवत नाही, डोळे वळवतो. त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. मग पाहुण्यांकडे पाहिलं. गीत थांबलं होतं. ते म्हणाले, "नमस्कार पाहुने. या मांगून. मी पुढं होतो, घरी सांगतो." आणि झपाझप पुढे गेले. पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

घरी आलो तर अंगणात खाट टाकलेली, तिच्यावर धुतलेली चादर. मास्तर खाटेवर बसले, सारूआत्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. त्यांनी तिथूनच घर न्याहाळायला घेतलं. बाबा आतून पाणी घेऊन आले, त्याच ओल्या बनियनमध्ये. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी पाहुण्यांपुढे पाणी धरलं. मी म्हणालो, "बाबा जिनात गेलेत, येतील." हे दुसरं खोटं. सारूआत्या पाणी प्यायल्या आणि पेला परत देताना त्यांनी बाबांचा हात धरूनच ठेवला.

"बस गा जरा. किती वर्सापासून हायेस या घरी?"

बाबा उकिडवे बसले. "पहिल्यापासून, बाई. घर बांधलं तवापासून."

"मालक कसा हाय?"

"मालकाचं काय सांगू. घोरते लय."

"पेते का?"

"च्या पेते. दिवसातून पाच खेप."

मास्तर म्हणाले, "अक्का, असं विचारू नये." आत्या म्हणाल्या, "तू गप राह्य. पोरगी देऊन राह्यलो आपन. नोकर खरं सांगते." आणि आवाज खाली करून विचारलं, "मारते-गिरते का मालकिनीले?"

बाबांच्या चेहऱ्यावरची गंमत गेली. "नाई बाई. एक डाव हात उगारला होता, लग्नाच्या पहिल्या साली. पडला नाई. मंग सोताच बाहीर जाऊन बसला, दिवसभर जेवला नाई. त्याच्यानंतर कधी नाई." हे आम्हा मुलांना कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनी ते कबूल केलं तेही नोकर बनून, अनोळखी बाईपुढे. आज मला वाटतं, ते खोटं बोलू शकले असते. वेष तर खोट्याचाच होता.

"अन् पोरगा? हा मास्तर?"

मी संत्र्यांच्या पिशवीची गाठ सोडत होतो. ती सुटत नव्हती.

"पोरगा हुशार हाय," बाबा म्हणाले. "लोकाइले भेते थोडा. वयच हाय तेवढं. पन मनानं साफ हाय, बाई. खोटं बोलत नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टोमणा असता तर पाहिलं असतं, मी त्यांना ओळखतो. ते टोमणा मारत नव्हते. मुलासाठी शब्द टाकत होते.

तेवढ्यात आई आली, पदरात सहा पेले. दारातूनच तिनं बाबांना पाहिलं, खाट तिला दिसली नाही. "अहो, हे काय, तुमी अजून ओलेच? पाहुने येतीन ना आता. उठा, कोट घाला."

मग तिला खाट दिसली.  आत रश्श्याला उकळी फुटलेली ऐकू येत होती. मास्तर हळूहळू उभे राहिले. आधी बाबांकडे, मग माझ्याकडे वळले. शिस्तीचा माणूस. म्हणाले, "तुम्ही तर मघाशी मला म्हणालात की हे..."

त्या क्षणी माझं लग्न मोडलं होतं, आणि मोडायलाच हवं होतं.  बाबा उठून उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात, हसले.

"म्याच सांगतलं होतं पोराले तसं म्हन म्हून! तो बिचारा नाईच म्हनत होता. म्हटलं, पोरीवाले पोराची परीक्षा घेते, मंग पोरावाल्यानं बी घ्याले पाह्यजे. पानी भरनाऱ्यासंगं पाहुने कसे बोलते ते पाहाचं होतं. तुमी पास हान मास्तर. हात धरून बसवलं बाईनं मले."

मास्तर अजून माझ्याकडेच बघत होते. मी मान हलवली. हो, असंच. हे तिसरं.

सारूआत्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई. अन् मी याच्याच घरच्या गोष्टी यालेच इचारून राह्यली." मग आईकडे वळून म्हणाल्या, "खरंच घोरते का वं हा?"

आई अजून गोंधळलेली होती, पण याचं उत्तर तिला ठाऊक होतं. "छपराचे कवेलू हालते," ती म्हणाली.

मग जे हसू फुटलं ते थांबेना. मास्तर मुळात गंभीर माणूस, त्यांना ठसका लागला, बाबा त्यांच्या पाठीवर थापट्या मारू लागले, तर ओल्या पंजाचे ठसे त्यांच्या कोटावर उठले, त्यावरून पुन्हा हसू. मी आत चुलीजवळ गेलो. थोड्या वेळानं बाबा आत आले, गंजावरचं झाकण काढून त्यांनी पळी फिरवली. मी बोलायचा प्रयत्न केला. "बाबा, मी..."

येशूला धरून नेलं त्या रात्री 'मी या माणसाला ओळखत नाही' असं तीनदा म्हणणाऱ्या शिष्याची गोष्ट आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ होती. कोंबडा आरवला आणि त्याला रडू कोसळलं, इथवर. बाबांनी पळीत एक तंगडी उचलून मला दाखवली आणि त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"कोंबडा तर गंजात हाय. आरवीन कोन?"

आणि खांदे हलवत हसत राहिले. मलाही हसू आलं. ते हसू आलं याची मला अजून लाज वाटते, आणि आलं म्हणून मी त्यांच्यासमोर उभा राहू शकलो हेही खरं.

जेवणं झाली. मास्तर दोनदा नाक पुसून तिसऱ्यांदा रस्सा घेत होते. सारूआत्या आईबरोबर आत जाऊन बसल्या होत्या. काय बोलणं झालं ते आईनं कधी सांगितलं नाही, पण बाहेर आल्या तेव्हा त्यांनी बाबांकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. बायकांना अशा गोष्टी फार शब्दांत सांगाव्या लागत नसाव्यात. मास्तरांना त्या म्हणाल्या, "पोरगी याच घरी द्याची."

मास्तर म्हणाले, "मुलाला काही विचारायचं होतं मला."

"पोराले काय इचाराचं? सासरा पाह्यला ना मी."

अशी सुलभा माझी झाली. उन्हाळ्यात सेलूला लग्न लागलं, आणि लग्नाच्या जेवणात बाबांनी ती परीक्षेची गोष्ट पहिल्यांदा जाहीर सांगितली, स्वतः पाहुणा होऊन, स्वतः नोकर होऊन, हातवारे करत. गोविंदा पंगतीतून उठून पुढे येऊन बसला. गोष्टीत मी एक भित्रा, आज्ञाधारक मुलगा होतो. बाबा म्हणतील तसं बोलणारा. तिथून ती गोष्ट घराची झाली. करुणेच्या लग्नात झाली, आमच्या पहिल्या मुलीच्या नामकरणात झाली. आई कधी कधी माझ्याकडे निरखून बघायची. एकदा तिनं विचारलंही, "खरंच सांगतलं होतं का रे यायनं तुले?" मी हो म्हणालो. चौथ्यांदा.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. लग्नाच्या सकाळी केला. बाबा माझ्या कोटाची कॉलर नीट करत होते, म्हणाले, बोलू नको, पावडर पडते. मुलगी झाली तेव्हा केला. त्यांनी तिला माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, आता तुह्या डोक्यावर. पुढे सुलभेला टायफॉइड झाला तेव्हा मी महिनाभर घरातलं सगळं केलं, धुणंसुद्धा अंगणातल्या नळावर, दिवसाउजेडी. बाबांनी ते ओट्यावर बसून पाहिलं. मला वाटलं, आता बोलावं. ते म्हणाले, "नीळ लय झाली," आणि मी हसलो आणि ती वेळही गेली. हसवणाऱ्या माणसाची माफी मागणं फार कठीण असतं. तो तुम्हाला जागाच देत नाही.

शेवटच्या आजारात ते माझ्याकडे वर्ध्याला होते. एका दुपारी मंडळीतले दोन तरुण भेटायला आले, नवीन लग्न झालेले. बाबा उशीला टेकून बसले आणि त्यांनी तीच गोष्ट सुरू केली. आवाज गेला होता, पण नकला जशाच्या तशा. ते त्या वाक्यापाशी आले: "मंग मी पोराले म्हटलं, तू असं म्हन..." आणि मी दारातून म्हणालो, "बाबा, तसं नव्हतं झालं."

पोरं माझ्याकडे बघू लागली. बाबांनीही पाहिलं. बराच वेळ पाहिलं, अगदी सरळ. मग हात उचलून म्हणाले, "तू गप राह्य. गोष्ट माही हाय. मी सांगीन तशी." आणि पुढची सांगून टाकली. पोरं हसली, सलाम करून गेली. मी खाटेजवळ बसलो. त्यांनी डोळे मिटले होते, झोपले नव्हते, माझा हात त्यांच्या हातात होता. आठवडाभरात ते गेले. सेलूला त्यांना माती दिली तेव्हा पाळकांनी, तेच पाळक, आता तेही पिकलेले, त्यांची आठवण म्हणून ती गोष्ट सांगितली, आणि कबरीभोवती उभे असलेले लोक डोळे पुसता पुसता हसले. मीही.

त्यांना ती गोष्ट तशीच राहावी असं वाटत होतं, हे मला कळतं. बापानं मुलावर घातलेलं पांघरूण मुलानं काढू नये, असं कुणी म्हणेल. पण त्या पांघरुणाखाली मी फार वर्षं काढली, आणि लोक मला त्यांच्यासारखा म्हणू लागले आहेत. मी त्यांच्यासारखा नाही. त्यांनी मला काहीही शिकवून ठेवलं नव्हतं. ते विहिरीवरून गात येत होते, आईच्या वाटचं पाणी घेऊन, माझ्या सासऱ्यांसाठी. त्यांच्या शेवटच्या आजारातल्या त्या दुपारी खाटेजवळ बसून मी एक वाक्य मनात जुळवलं होतं. त्यांचे डोळे उघडले की म्हणणार होतो. ते असं होतं: बाबा, त्यांनी हा कोण म्हणून विचारलं, तेव्हा मला माहीत होतं तुम्ही कोण आहात, तुम्ही पाणी का आणता तेही माहीत होतं, आणि तरी मी सांगितलं नाही, मला माफ करा.